तीन वर्षांच्या प्रबंधात म्हातारपण मावतं का?

समजा, तुम्ही मेडिसिनमध्ये एमडी करताय आणि प्रबंधाला विषय घेतलात ‘वय आणि स्मरणशक्ती’. ओपीडीतले साठीपुढचे शंभर पेशंट, चाळिशीतले शंभर, दोन्ही गटांना एकच चाचणी. निष्कर्ष येतो की वयानुसार स्मरणशक्ती घटते. प्रबंध मंजूरही होईल. पण या अख्ख्या अभ्यासात एकाही माणसाचं वय वाढताना तुम्ही पाहिलेलं नाही!

आमच्या करंजाड्यात संध्याकाळी बिल्डिंगखाली बसणाऱ्या आज्या बघा. बऱ्याचजणी मुलाच्या नोकरीमागे गावाहून आलेल्या, काहींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. सुना पदवीधर. दोघींना शंभरातून सात-सात वजा करायला सांगा. फरक दिसेलच, पण तो वयाचा की शाळेचा? याला पिढीचा परिणाम म्हणतात. त्यात आणखी एक गोची आहे. ओपीडीत पोचलेले ऐंशीचे आजोबा म्हणजे जे जगले आणि ज्यांना आणायला कोणीतरी होतं ते. बाकीचे तुमच्या तक्त्यात येतच नाहीत.

यावर उपाय म्हणजे त्याच माणसाला काही वर्षांनी पुन्हा तपासणं. आणि इथेच आपलं प्रशिक्षण अडतं. एमडी तीन वर्षांचं, प्रबंध परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा. सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटीचा वेळ वजा केला तर हातात उरतं वर्ष, फार तर दीड वर्ष. आयसीएमआरच्या चेन्नईतल्या संस्थेचा संशोधनपद्धतीचा ऑनलाइन कोर्स पीजींना सक्तीचा आहे. कोर्स चांगलाच आहे, अभ्यासाचे आराखडे नीट समजावतो. पण समजलेला आराखडा वापरायला वेळच नसेल तर विद्यार्थी पुन्हा शंभर-शंभरवरच येणार. दोष त्याचा नाही, व्यवस्थेचा आहे.

मग काय करायचं? चालू अभ्यासाला जोडून घ्यायचं. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे डॉक्टर. त्यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत स्त्रियांची नोंद सुरू केली, तीही गर्भधारणेच्या आधीपासून. पुढे त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं. उतारवयातला म्हणून ओळखला जाणारा आजार गर्भापासून शोधायचा हा प्रकार कुठल्याच एका प्रबंधात मावणार नाही. पण अशा अभ्यासातली एक फेरी, एक प्रश्न तीन वर्षांत नक्की मावतो.

दुसरी जागा तर आपल्या हार्बर लाइनवरच आहे. पनवेलहून लोकल पकडून गोवंडीला उतरा, देवनारची आयआयपीएस जवळच. तिथल्या ‘लासी’ सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांपुढचे आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक लोक होते आणि त्यांनाच पुन्हा गाठायचं अशी मूळ आखणीच आहे. डेटा संशोधकांना अर्ज करून मिळतो. त्याला जोडून स्मृतिभ्रंशाचा वेगळा अभ्यास झाला, त्यात साठीपुढचे चार हजारांवर लोक. तिथे डॉक्टरांनी ऑनलाइन माहिती पाहून एकमताने निदान ठरवलं.

माझी तक्रार या टप्प्याबद्दल आहे. डॉक्टर शेवटी, शिक्का मारायला येतो. प्रश्न तयार होतानाच तो हवा, कारण न शिकलेली आजी तारीख चुकते पण चतुर्थी कधी ते अचूक सांगते, हे त्याने ओपीडीत पाहिलेलं असतं. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बनवली गेली ती याच अडचणीपोटी. पीजीला असं काम प्रबंध म्हणून द्यायला काय हरकत आहे? मराठीत, रायगडच्या बोलीत चाचणी तपासून पाहणं दीड वर्षात सहज होतं.

आणि स्वतःचेच शंभर पेशंट घेणार असाल तर निदान संमतिपत्रात पुढे पुन्हा संपर्क करायची परवानगी मागा, कमिटीकडून ती मंजूर करून घ्या. नंबर मात्र दोन नातेवाइकांचे लिहून घ्या. पाच वर्षांनी आजोबा कुठल्या मुलाकडे असतील, सांगता येत नाही.