आवाजी मतदानातील आपला आवाज

लेखकाचे मूल्यमापन आपण त्याच्या लेखनावरून करतो. सत्काराला उत्तर देताना तो काय बोलला, याला आपण फारशी किंमत देत नाही. लोकप्रतिनिधीच्या बाबतीत मात्र आपली समीक्षा नेमकी उलट चालते. त्याची जयंतीदिनाची भाषणे, त्याच्या घोषणा, त्याची पत्रके, त्याच्या गळ्यातला निळा पट्टा यांवर आपण तासन्तास वाद घालतो. त्याने सभागृहात कोणत्या विधेयकावर कोणते मत दिले, हे मात्र आपल्या कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. मत हेच लोकप्रतिनिधीचे लेखन होय. ते वाचण्याची सवय आपल्या चळवळीला लागली नाही, याचे कारण केवळ आळस नाही. ते लेखन बहुतेक वेळा आपल्यासमोर येतच नाही.

संसदेत आणि विधिमंडळात बहुसंख्य विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष विचारतात, सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून ओरडतात, ज्या बाजूचा आवाज मोठा ती बाजू जिंकते. कोण काय ओरडले याची नोंद राहत नाही. कोणी मतविभागणी मागितली तरच नावानिशी नोंद होते. अॅट्रॉसिटी कायद्याचे उदाहरण घ्या. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तेही आपल्या महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात, या कायद्याची धार बोथट करणारे निर्देश दिले. २ एप्रिलच्या भारत बंदमध्ये माणसे मेली. त्यानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८-अ घालून कायदा पूर्ववत केला, पण तो आवाजी मतदानाने. परिणामी आज प्रत्येक पक्षाचा प्रत्येक खासदार ‘कायदा मी वाचवला’ असे पत्रक काढू शकतो, आणि ते खोटे पाडायला एकही कागद नाही. ज्यांचा जीव गेला त्यांची नावे नोंदली गेली. ज्यांनी हात वर करायचा होता त्यांची नाहीत.

एकमताचा अनुभव तर आपल्या पिढीला वारशानेच मिळाला आहे. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने संमत केला. एकाही आमदाराचा विरोध नोंदला गेला नाही. आणि लगोलग मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या, पोचिराम कांबळे यांच्यासारख्यांना प्राण गमवावे लागले. ठरावाची अंमलबजावणी व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, तीही नामविस्ताराच्या तडजोडीने. सभागृहात एकमत आणि गावात आग, या दोहोंच्या मध्ये जे आमदार उभे होते त्यांचे खरे मत कोणते, हे १९७८ चा कार्यवृत्तान्त आपल्याला कधीच सांगणार नाही.

म्हणूनच ज्या थोड्या प्रसंगी नावानिशी मोजणी होते, ते प्रसंग आपण जपून वाचले पाहिजेत. घटनादुरुस्तीला अनुच्छेद ३६८ प्रमाणे एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश मत लागते. त्यामुळे तेथे मोजणी टाळता येत नाही. असा एक प्रसंग मी वर्गात विद्यार्थ्यांपुढे अनेकदा ठेवला आहे. ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घटकांना दहा टक्के आरक्षण देणारे १२४ वे घटनादुरुस्ती विधेयक मांडले गेले आणि त्याच दिवशी संमत झाले. बाजूने ३२३, विरोधी ३. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १६५ विरुद्ध ७. पुढे हीच १०३ वी घटनादुरुस्ती म्हणून ओळखली गेली.

लोकसभेतील त्या तिघांकडे पाहा. एक हैदराबादचे असदुद्दीन ओवेसी, दोघे केरळातील मुस्लिम लीगचे. तिघेही खुल्या मतदारसंघातून आलेले. अण्णाद्रमुकचे सदस्य सभात्याग करून गेले. लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ आणि अनुसूचित जमातींसाठी ४७ अशा १३१ जागा राखीव आहेत. महाराष्ट्रातील अनुसूचित जातींच्या पाचही राखीव जागा तेव्हा शिवसेना-भाजपकडे होत्या. या १३१ जागांवरून एकही विरोधी मत पडले नाही. विधेयक मांडणारे सामाजिक न्यायमंत्री थावरचंद गेहलोत हे स्वतः दलित समाजातले. आणि बहुजन समाज पक्षानेही पाठिंबाच दिला होता, हे आपल्या सोयीसाठी विसरता कामा नये.

या दुरुस्तीत आक्षेपार्ह काय होते? गरिबाला मदत मिळू नये असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. पण आरक्षण हा दारिद्र्यनिर्मूलनाचा कार्यक्रम नव्हे; ज्यांना जातीमुळे सत्तेच्या, शिक्षणाच्या, नोकरीच्या दाराबाहेर ठेवले गेले त्यांच्या प्रतिनिधित्वाची ती व्यवस्था आहे. नरसिंह राव सरकारने १९९१ मध्ये आर्थिक निकषावर असेच दहा टक्के देऊ केले होते, तेव्हा १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ते रद्द ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीत त्याहून गंभीर गोष्ट होती. अनुच्छेद १५ आणि १६ मधील नव्या कलमांनी अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतील गरिबांना या सवलतीतून शब्दशः वगळले. म्हणजे दारिद्र्याच्या नावाने केलेल्या तरतुदीतून देशातले सर्वांत दरिद्री लोक बाहेर काढले गेले, आणि आत येण्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये ठरली. ऊसतोडणीच्या कोयत्यावर जाणाऱ्या मातंग कुटुंबाला या व्याख्येप्रमाणे ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बळ’ म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ही दुरुस्ती वैध ठरवली. न्या. रवींद्र भट आणि सरन्यायाधीश उदय लळित यांच्या विरोधी मताचा मुख्य रोख या वगळण्यावरच होता. जो आक्षेप न्यायालयाला लिहावा लागला, तो १३१ जागांवरून मताच्या रूपाने एकदाही का नोंदला गेला नाही?

येथे मला रामदास आठवले यांच्याकडे यावे लागते. ते लोकसभेत नव्हते, राखीव जागेवरूनही आलेले नव्हते. २०१४ पासून राज्यसभेचे सदस्य आणि जुलै २०१६ पासून सामाजिक न्याय खात्याचे राज्यमंत्री. त्यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांनी आपला शब्द फिरवला असे मात्र म्हणता येणार नाही. आरक्षणाची मर्यादा पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत वाढवावी आणि सवर्णांतील गरिबांना पंचवीस टक्के द्यावे, ही मागणी ते आधीपासून जाहीरपणे करीत होते. त्यांची भूमिका आणि त्यांचा प्रचार यांत येथे फारकत नाही. आपल्याकडे टीका होते ती ‘विकले गेले’ अशा एका शब्दात. ही समीक्षा नव्हे, आणि तिच्यामुळे खरा प्रश्न झाकला जातो. आपल्याच भूमिकेच्या त्यांच्या हिशेबात मर्यादा वाढायची होती आणि ती सर्वांसाठी वाढायची होती. प्रत्यक्षात सवर्णांना दहा टक्के मिळाले. दलित, आदिवासी, ओबीसींच्या वाट्याला वगळण्याचे कलम आले. आपल्या मागणीचा अर्धा भाग सरकारने उचलला आणि उरलेला अर्धा टाकून दिला, हे सभागृहात सांगण्याची जबाबदारी त्यांचीच होती.

मोठ्या पक्षाच्या खासदाराला निदान एक सबब असते. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. पक्षादेश मोडला तर सदस्यत्व जाते. आठवले यांच्या पक्षाचे सभागृहात ते एकटेच. त्यांच्यावर पक्षादेश बजावू शकेल असा प्रतोद या देशात नव्हता. त्यांना बांधून ठेवणारी गोष्ट मंत्रिपद ही होती, आणि मंत्रिपद सोडता येते. १९९८ ची आठवण यासाठी करून देतो. त्या वर्षी प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि आठवले असे रिपब्लिकन चळवळीतले चौघे महाराष्ट्रातील खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. चौघेही विरोधी बाकांवर होते आणि १७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने सरकार पडले. चार मतांना काय वजन असते, हे त्या दिवशी देशाने पाहिले. त्यानंतरचा इतिहास गटांचा आहे आणि तो मी येथे उगाळीत नाही.

आता त्यांच्या यमकांविषयी. जून २०१९ मध्ये लोकसभेचे नवे अध्यक्ष निवडले गेले तेव्हा आठवले यांनी सभागृहात पद्य म्हटले आणि दोन्ही बाजूंचे नेते खळखळून हसले. २०२० मध्ये करोनाला निघून जायला सांगणारी त्यांची इंग्रजी घोषणा जगभर फिरली. पांढरपेशा समीक्षक यावर नाके मुरडतात. माझा आक्षेप त्यांच्यासारखा नाही. यमक हे आपल्या राजकारणाचे जुने हत्यार आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांनी, वामनदादांच्या गाण्यांनी निरक्षर माणसाच्या कानात जे उतरवले ते छापील पत्रकाला कधीच जमले नसते. पण जलसा गावात आला की पाटलाच्या कपाळावर आठी पडत असे, आणि म्हारवाड्यातली माणसे ताठ बसत. संसदेतल्या यमकाने कोणाच्या कपाळावर आठी पडत नाही. हसणारे तेच असतात ज्यांना जाब विचारायचा आहे. पँथरच्या आणि नामांतराच्या लढ्यातून वर आलेला माणूस सभागृहाचा विसावा होऊन बसतो, तेव्हा त्याच्यासोबत एका समाजाचा प्रश्नही हसण्यावारी जातो. आणि त्या दहा सेकंदांच्या हशाची चित्रफीत लाखो लोक पाहतात. १६५ विरुद्ध ७ हा आकडा कोणी पाहत नाही.

‘सत्तेत राहून कामे होतात,’ असे कार्यकर्ते मला सांगतात. होतात. शिष्यवृत्तीची अडलेली फाईल मंत्र्याच्या फोनने हलते, हे पहिल्या पिढीत शिकलेल्या माझ्यासारख्याला कोणी समजावून सांगायला नको. ‘आपल्या पंधरा आणि साडेसात टक्क्यांना तर हात लागला नाही,’ असाही युक्तिवाद होतो. पण दहा टक्के कमी झाले ते खुल्या जागांतून, आणि त्याच जागांवर आपली मुले गुणांच्या बळावर जात होती.

बाबासाहेबांचा दाखला येथे पूजेसाठी देत नाही, मोजमापासाठी देतो. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी विरोध केला. संप हा गुन्हा ठरवणे म्हणजे कामगाराला गुलामी पत्करायला लावणे, ही त्यांची मांडणी होती. विधेयक संमत झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांबरोबर मुंबईत एक दिवसाचा संप घडवला. सभागृहातले मत आणि मैदानातले भाषण यांत रेघभर अंतर नव्हते. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि १० ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करू दिले गेले नाही, तेव्हा तेच निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. दादासाहेब गायकवाडांनी राज्यसभेचे सदस्य असतानाच १९६४ चा भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला.

व्यक्तींना दोष देऊन भागत नाही, हेही खरे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारापासून राखीव जागेवरचा दलित प्रतिनिधी सवर्णांच्या मतांवर निवडून येतो. १९ डिसेंबर २०१२ रोजी बढत्यांतील आरक्षणाचे विधेयक लोकसभेत आले असता मंत्र्यांच्या हातातून ते हिसकावणारे खासदार यशवीर सिंह हे नगीना या अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघाचे होते. राज्यसभेने २०६ विरुद्ध १० मतांनी संमत केलेले ते विधेयक पुढे लोकसभेबरोबरच विसर्जित झाले. आपल्या मतांवर निवडून न येणारा माणूस आपल्या वतीने मत देईल, अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने करायची?

राखीव जागांची मुदत १०४ व्या घटनादुरुस्तीने जानेवारी २०३० पर्यंत वाढवली आहे. ती पुन्हा वाढवायची तर आणखी एक घटनादुरुस्ती लागेल, म्हणजे पुन्हा नावानिशी मोजणी होईल. त्याआधी मते मागायला आपल्या वस्तीत येणाऱ्या प्रत्येक आजी-माजी खासदाराला अभ्यासमंडळांनी ८ आणि ९ जानेवारी २०१९ ची मतयादी दाखवावी आणि तिच्यात त्याचे नाव कोठे आहे ते विचारावे.