परिपत्रकाचे गद्य

नाशिकजवळच्या एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र वाङ्मयचर्चेत आलेले पाहून वाचकांस नवल वाटेल. परंतु कचेऱ्या-कारखान्यांतून रोज लिहिले जाणारे मराठी हेही गद्यच होय, आणि कादंबरीप्रमाणे ते मिटून ठेवण्याची मुभा त्याच्या वाचकाला नसते. त्याची परीक्षा सहसा कोणी करीत नाही, म्हणून ती येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

एकलहऱ्यास २१० मेगावॉटचे तीन संच उभारले गेले. अशा केंद्रात दोन तऱ्हांचे लेखन चालते. पहिले कामाच्या परवान्याचे, कामगारांच्या शब्दांत 'परमिट'चे. यंत्र दुरुस्तीस घ्यावयाचे तर ते कोणी बंद केले, कोणाच्या स्वाधीन केले, काम संपल्यावर कोणी परत दिले, हे सहीनिशी नोंदवावे लागते. परमिट परत आल्यावाचून यंत्र सुरू करावयाचे नाही. शब्द मोजके व रुक्ष खरे. परंतु सांगणारा व ऐकणारा दोघेही तेथे हजर असतात, कारण गैरसमजाची किंमत जिवाने मोजावी लागते.

दुसरे लेखन परिपत्रकाचे. ते महाराष्ट्रातील यच्चयावत् कचेऱ्यांत सारखेच. 'असे निदर्शनास आले आहे', 'सूचित करण्यात येते', 'गंभीर दखल घेण्यात येईल'. कोणाच्या निदर्शनास आले? दखल कोण घेणार? कर्ता वाक्यातून नाहीसा झालेला असतो. मग उलट प्रश्न विचारावा तो कोणाला? येथे पद बोलते, व्यक्ती नव्हे, असे समर्थन केले जाते. ते आम्हांस पटत नाही. परमिटही पदाच्याच अधिकाराने निघते; तरी त्यावर माणसाची सही असतेच.

ह्या मौनाचे परिणाम भाषेपुरते राहत नाहीत. ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कर्मचाऱ्यांनी खासगीकरणाच्या शंकेने संप केला. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ह्यांनी संघटनांशी बैठक करून शासनाचा तसा विचार नसल्याचे सांगितले, आणि संप मिटला. शंका रास्त होती की नव्हती, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. संपानंतर जे समोरासमोर सांगता आले, ते संपापूर्वी का सांगता येऊ नये, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मराठीस हे साधत नाही, असे मुळीच नव्हे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, ती कारखान्याची वार्ता देण्यासाठीच. पुढे तीच मध्यमवर्गाच्या घरोघरी वाचले जाणारे मासिक झाली. कारखान्याविषयी लिहिताना माणसांशी बोलल्यासारखे लिहिता येते, ह्याचा ह्याहून निराळा पुरावा नको.

अधिकाऱ्यांनी अलंकार शिकावेत अशी आमची अपेक्षा नाही. त्यांनी परमिटाचा नियम परिपत्रकास लावावा, इतकेच पुरे: सांगणाऱ्याचे नाव असावे, सांगण्याचे कारण असावे, आणि कायम व कंत्राटी अशा दोन्ही कामगारांचे उत्तर परत येईपर्यंत निरोप पोहोचला असे मानू नये.