इयागोची स्वगते : द्वेष आणि त्याची कारणे

कोलरिजने इयागोच्या स्वगतांत हेतुशून्य दुष्टाव्याने चालविलेला हेतूंचा शोध पाहिला. स्वगतात पात्र खोटे बोलत नाही, हा नाट्यसंकेत त्यामागे गृहीत होताच. इयागो तो मोडीत नाही. अडचण तिथेच आहे.

पहिल्या अंकाअखेरीस तो ऑथेल्लोविषयीचा द्वेष आधी उच्चारतो, एमिलियासंबंधीची अफवा मागाहून. दोहोंना जोडणारे अव्यय 'आणि' आहे, 'कारण' नव्हे. अफवा खरी की खोटी हे ठाऊक नसल्याचे तो कबूल करतो आणि तरीही, केवळ संशयावर, खात्री असल्यासारखे वागण्याचे ठरवितो. योजना दडविलेली नाही, कपटही नाही. दडून राहते ते कारण, बहुधा त्याच्यापासूनही. रोडरिगोपुढे तावातावाने मांडलेला बढतीतील अन्याय एकांतात कॅसिओची जागा बळकावण्याच्या हिशेबापुरता उरतो. चिंथिओच्या मूळ कथेत (१५६५) निशाणबरदाराला पेटविणारी डेस्डिमोनाविषयीची विफल आसक्ती शेक्सपिअरने दुसऱ्या अंकातील एका ओझरत्या उल्लेखावर आणून ठेवली, हे सूचक होय. हेतू वाढतात तसतसा प्रत्येकाचा भार घटतो.

'प्रामाणिक', 'प्रामाणिकपणा' हे शब्द एम्प्सनने नाटकात ५२ वेळा मोजले. त्यांतील उपरोध उघडच आहे. परंतु कॅसिओने डेस्डिमोनाकरवी रदबदली करावी, हा इयागोचा सल्ला खरोखरच हिताचा आहे, आणि स्वगतात तो प्रेक्षकांना तेच बजावतो.

अखेरच्या प्रवेशात ऑथेल्लो कारण विचारवितो, तेव्हा इयागो यापुढे बोलणेच नाकारतो. हा हट्ट मानला जातो. सांगण्याजोगे काही उरलेले नसणे अधिक संभवनीय वाटते.