ऐकू येतं, पण कळत नाही

आमच्या गावच्या लायब्ररीत दर शनिवारी मी इंग्रजी 'ऐकायला' शिकवते. मुलांकडे राहायला आलेले आईवडीलच जास्त. त्यातल्या एक काकू निवृत्त शिक्षिका, इंग्रजी पेपर घडाघडा वाचतात. दाताच्या दवाखान्यातून फोन आला, की गुरुवारी डॉक्टर बघू शकत नाहीत. काकूंनी 'शकतात' असं ऐकलं आणि कडाक्याच्या थंडीत दोन बस बदलून तिथे जाऊन बसल्या! तेव्हापासून फोन वाजला की, "नातवाला घेऊ दे."

म्हणून मी माझी शिकवायची साधनं जरा रागानेच पुन्हा तपासली.

पहिलं, व्हॉइस ऑफ अमेरिकाचं 'स्पेशल इंग्लिश'. १९५९ साली रेडिओवर सुरू झालेल्या या कार्यक्रमाचं २०१४ मध्ये 'लर्निंग इंग्लिश' असं बारसं झालं. सुमारे १५०० शब्द, छोटी वाक्यं, वेग नेहमीपेक्षा एकतृतीयांशाने कमी. नवख्याला धीर येतो, याबद्दल शंकाच नाही. पण इथे प्रत्येक शब्द ताटातल्या पदार्थासारखा आपापल्या जागी सुटा वाढलेला. खरं बोलणं म्हणजे कालवलेला दहीभात! त्यातली मोहरी कुठली नि मिरची कुठली, ते या कार्यक्रमातून कळत नाही.

दुसरं, जॉन फील्ड यांचं २००८ मधलं 'लिसनिंग इन द लँग्वेज क्लासरूम'. सीडी लावायची, प्रश्न विचारायचे, बरोबर-चूक सांगून पुढे जायचं, या आपल्या नेहमीच्या पद्धतीवर त्यांनी नेमकं बोट ठेवलंय. ही ऐकण्याची परीक्षा झाली, शिकवणी नव्हे. उत्तर चुकलं तर कान कुठे घसरला ते शोधा आणि तेवढाच तुकडा पुन्हा ऐकवा, असं ते सांगतात. मला हे शंभर टक्के पटलं. (आणि आजवरच्या माझ्या शनिवारांची लाजही वाटली.) तक्रार एवढीच, की पुस्तक शिक्षकांसाठी असल्याने वाचायला जड आहे, आणि मराठी कान नेमका कुठे घसरतो ते आपलं आपणच हुडकावं लागतं.

काकूंचा कान कुठे घसरला होता? आपण 'कॅन' स्वच्छ, ठसठशीत म्हणतो. अमेरिकन माणूस होकारात तो गिळून 'क्न' करतो: 'वी क्न सी यू'. नकारात मात्र 'कॅ' ठळक येतो आणि शेवटचा 'ट' घशातच राहतो: 'वी कॅन् सी यू'. म्हणजे आपल्या कानाला जो स्पष्ट होकार वाटतो, तो नेमका नकार! हळू वाचलेल्या बातम्या वर्षभर ऐकल्या तरी हे उमगायचं नाही.

आता मी खऱ्या बोलण्यातलं एकच वाक्य पाच-सहा वेळा ऐकवते आणि जसं कानावर पडलं तसं देवनागरीत लिहायला सांगते. 'वॉटर'चं 'वॉडर', 'थर्टी'चं 'थर्डी'. इंग्रजी स्पेलिंग कानाला फसवतं, ते तेवढ्यापुरतं बाजूला ठेवायचं. आपली लिपी इथे अशी उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं. सगळे उच्चार तिच्यात मावत नाहीत, पण कुठे अडलं ते वहीत लगेच दिसतं.

परवा काकूंनी फोन स्वतः उचलला. "कॅन ऑर कॅनॉट?" असं वर्गातल्यासारखं ठणकावून विचारलं. पलीकडच्या बाईंना ते दोनदा सांगावं लागलं.