खरा ठसा, खोटी साक्ष

सर आर्थर कॉनन डॉयल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथा करमणुकीपुरत्या वाचून बाजूस साराव्या, असा विद्वानांचा प्रघात आहे. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेली 'नॉर्वुड बिल्डर' ही कथा मात्र त्यास अपवाद मानावी, असें आम्हांस वाटतें. गुन्हेसंशोधनशास्त्राचें एक मूलतत्त्व तिच्यांत गोंविलेलें आहे.

ओल्डेकर नामक वृद्ध नाहींसा होतो व मॅक्फार्लेन या तरुण वकिलास खुनाच्या आरोपावरून अटक होते. पुढें ओल्डेकरच्या घरांत भिंतीवर वकिलाच्याच अंगठ्याचा रक्ताचा ठसा आढळतो. पोलिसांना विजय झाल्यासारखें वाटतें. होम्सला मात्र हसूं येतें. कारण आदल्या दिवशीं त्यानें तीच जागा बारकाईनें तपासली होती व तेव्हां तेथें ठसा नव्हता! ओल्डेकरनें तो मेणावरून उतरवून घेऊन मागाहून उमटविला होता.

या कथेचा काळ लक्षांत घेण्यासारखा आहे. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. तेथील वर्गीकरण सिद्ध करण्यांत अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांचा मोठा वांटा होता. १९०१ सालीं स्कॉटलंड यार्डनें तीच पद्धति उचलली. नव्या साधनाचें असें कौतुक चाललें असतां डॉयलनीं त्याची मर्यादा दाखविली. स्पर्श कोणाच्या बोटाचा, एवढेंच ठसा सांगतो. तो केव्हां व कसा उमटला, हें सांगत नाहीं. १८९८ सालच्या जलपायगुडीच्या खटल्यांत न्यायालयानें हाच विवेक दाखविला. खून झालेल्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाच्या पंचांगावर जुन्या नोकराच्या अंगठ्याचा ठसा मिळाला. त्यावरून चोरी शाबीत धरली, खून नव्हे.

तथापि कथेंत एक मोठें वैगुण्य आहे. आदल्या दिवशींची भिंत केवळ होम्सच्या स्मरणांत राहते. तिचें टिपण नाहीं, छायाचित्र नाहीं. ओल्डेकर घरांतच दडलेला नसता, तर न्यायासनापुढें एका हुशार माणसाचा शब्द एकीकडे व रक्ताचा ठसा दुसरीकडे, असा सामना होऊन निरपराध वकील बहुधा फांसावर चढला असता. गुन्ह्याची जागा कोणी हात लावण्यापूर्वींच बंद करावी, तिची नोंद करावी, मगच वस्तु उचलावी, हा शास्त्राचा नियम रुक्ष खरा. पण निरपराध्याचा प्राण त्यानेंच वांचतो. होम्सची बुद्धि क्वचित् एखाद्यास लाभते. कागदावरील नोंद साध्या शिपायासही करतां येते. डॉयलनीं पहिलीचा गौरव केला, दुसरीचें मोल मात्र सांगितलें नाहीं.