काचेवरचे पापुद्रे मोजून वय कळतं का?

रिसर्च प्रपोजल लिहायला बसण्याआधी एक जुना पेपर जरूर वाचा. ब्रिल आणि हूड यांचा, १९६१ सालचा, 'नेचर'मधला. जमिनीत किंवा पाण्याखाली वर्षानुवर्षं पडलेल्या काचेवर इंद्रधनुषी चमक असलेले पापुद्रे येतात. आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर कांद्यासारखे एकावर एक बारीक थर दिसतात. लेखकांचा दावा असा, की खोडातल्या वलयांसारखा दरवर्षी एक थर वाढतो. म्हणजे थर मोजा, काच किती वर्षं पडून होती ते कळेल!

पेपरची जमेची बाजू आधी सांगते. नुसती कल्पना मांडून ते थांबले नाहीत. काळ आधीच माहीत असलेल्या काचांवर त्यांनी थर मोजले, आणि काही ठिकाणी आकडे छान जुळले.

मग अडचण कुठे आहे? यंत्रणेत. पाण्यातला हायड्रोजन काचेत शिरतो, सोडियम-पोटॅशियम बाहेर पडतात आणि मागे सिलिकानं समृद्ध, पाणी धरलेला थर उरतो. थर इतके पातळ असतात की प्रकाशाचं व्यतिकरण होतं, म्हणून ते रंग. पण या सगळ्यात 'वर्ष' कुठेच येत नाही. वर्षाचा हिशोब ठेवायचा तर ऋतूंची चाहूल काचेपर्यंत पोचायला हवी. जिथे ओल आणि तापमान बारा महिने जवळपास सारखंच असतं, तिथे ती कशी पोचणार?

रॉय न्यूटन यांनी १९७१ मध्ये 'आर्किओमेट्री'त या थरांचा सगळा इतिहास मांडला तो 'कोडं' म्हणूनच. पुढे प्रयोगशाळेत, तापमान स्थिर ठेवूनही, असे पट्टे तयार झाले. पृष्ठभागाशी सिलिका विरघळते, साचते, पुन्हा जमा होते. ही प्रक्रियाच स्वतःची लय धरू शकते. तिथे ना पावसाळा होता, ना उन्हाळा.

आपल्यासाठी मुद्दा असा: आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं असं नाही. जुळलेल्या दहा काचांपेक्षा 'ऋतूच नसतील तर थर येतात का?' हा एक प्रयोग जास्त बोलका आहे. तुमच्या प्रपोजलमध्येही एक ओळ हवीच: माझं गृहीतक चुकीचं असेल, तर ते मला कशावरून कळेल?