अनुशेषातली मेणबत्ती

न वाचता साठलेल्या पुस्तकांचा अनुशेष यंदाच्या सुट्टीत भरून काढायचा, असे आम्ही ठरवले होते. पण मायकेल फॅरडे यांच्या ‘द केमिकल हिस्टरी ऑफ अ कॅन्डल’ या छोट्या पुस्तकापाशीच आमची गाडी थांबली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात मुलांपुढे दिलेली ही सहा व्याख्याने.

पाठ्यपुस्तकात मेणबत्ती म्हणजे रासायनिक बदलाचे एका ओळीचे उदाहरण. फॅरडे मात्र विचारतात, नेमके जळते काय? ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची वाकडी नळी धरून ते मेणाची वाफ बाहेर आणतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी पेटवून दाखवतात. म्हणजे जळते ती वाफ! पुढे पाणी, हवा, कार्बन असे टप्पे घेत ते थेट आपल्या श्वसनापर्यंत पोहोचतात.

पुस्तकात अडचणीही आहेत. समोर प्रयोग मांडून केलेले हे बोलणे नुसते वाचताना जागोजागी अडखळायला होते. पाण्यावर पोटॅशियम टाकण्याचा प्रयोग वर्गात करणे धोक्याचे. शिवाय त्यांचे ‘कार्बोनिक ॲसिड’ म्हणजे आपला कार्बन डायॉक्साइड वायू. शिक्षकांनी तो जुना शब्द तसाच फळ्यावर लिहू नये.

पण एक प्रयोग कोणत्याही शाळेत होईल. मेणबत्ती विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला लगेच जळती काडी लावा. काडी वातीला न टेकताही ज्योत खाली धावते. एवढे न करता हे पुस्तक नुसते वाचून संपवले, तर ते अनुशेषातच राहिले असे समजावे.